नंबर नसलेली पट्टी

“यात छातीच्या लीड्स कुठे आहेत, सिस्टर?”

डॉ. कोतूळकरांनी ईसीजीची पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरली होती. टेबलापाशी पुष्पावती साळवे उभ्या होत्या. हातापायांना चार चिमटे लावले की पहिल्या सहा लीड्स मिळतात. उरलेल्या सहा छातीवर रबरी फुगे बसवून घ्याव्या लागतात. या पट्टीवर पहिल्या सहाच होत्या, आणि कोपऱ्यात नंबरही नव्हता.

“बॅटरी उतरली होती, सर.” विचार करायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्ही कधी अर्धवट काम आणत नाही, म्हणून विचारलं.” डॉक्टरांनी पट्टी टेबलावर पसरली. “पण या एवढ्यातही सगळं आहे. ही दोन, ही तीन, ही एव्हीएफ. खोल क्यू दिसतोय? हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येऊन गेलाय. जुना आहे. आणि या गड्याला पत्ताही नाही! मी हेच तर सांगतोय. हा मुंबईतल्या शेटजींचा आजार राहिलेला नाही.”

उसाच्या पट्ट्यातल्या तीस ते पंचावन्न वयाच्या पुरुषांमध्ये न कळता येऊन गेलेले झटके किती, हा डॉक्टरांच्या संशोधनाचा विषय होता. हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून कशा अरुंद होत जातात, हे ते रबरी नळीत मेण भरून शाळांमधून दाखवत. आज त्यांच्या आवाजात काळजी होती आणि काहीतरी सापडल्याचा आनंदही होता. दोन्ही खरं होतं.

“सोमवारच्या वस्तीवरच्या सगळ्यांच्या पट्ट्या आहेत. फक्त कारभारी म्हस्क्यांची नाही. म्हणजे ही त्यांचीच. मी कारखान्यात फोन करून निरोप दिलाय, ट्रॅक्टरवर बसू नका म्हणून. तुम्ही उद्या जा, पूर्ण ईसीजी काढा आणि त्यांना घेऊन या.”

“हो, सर.”

त्यांचा हात एप्रनच्या खिशात होता. बोटांना घडी घातलेला गुळगुळीत कागद लागला. तो कारभारी म्हस्क्यांचा होता, हे त्यांना बाहेर न काढताच कळलं.

नव्या वस्तीवर गेलं की लोक मशीनला बिचकत. तारा पाहिल्या की कुणीतरी म्हणे, करंट बसतो. मग पुष्पावतीबाई स्वतः अंगणातल्या खाटेवर आडव्या होत. पदर सारखा करून फक्त हातापायांना चिमटे लावून घेत आणि ड्रायव्हर शमशेरला बटण दाबायला सांगत. मशीन कुरकुरत पट्टी बाहेर टाकी. बायका-पोरं हसत आणि मग गडी रांगेत येत. आपली ती पट्टी बाई न बघताच खिशात कोंबत आणि सवडीने टाकून देत. सोमवारच्या गर्दीत कारभारीची खिशात गेली आणि त्यांची पाकिटात.

दुसऱ्या दिवशी राहुरीकडे जाताना जीपमध्ये त्यांना नीट बसवेना. त्यांनी काच खाली केली, पुन्हा वर केली. कारखाने सुरू झाले होते. हवेत मळीचा आंबूस वास होता. गेल्या वर्षी अक्षय्यतृतीयेच्या सुमारास श्रीगोंद्याच्या शिबिरात पोटाच्या वरच्या बाजूला दगड ठेवल्यासारखं झालं होतं, तेव्हाही असाच वास होता का? नाही, तेव्हा हंगाम संपलेला होता. घाम फुटला होता, मळमळलं होतं. ॲसिडिटीचं पातळ औषध दोन घोट घेऊन त्या पंख्याखाली बसल्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा कामाला लागल्या. आमरस बाधला, असं पुढे कितीतरी दिवस हसून सांगत होत्या.

“सिस्टर, आज लई गप,” शमशेर म्हणाला. “त्या कारभारीचं वाईट वाटतंय व्हय? मला तर पटतच न्हाई. सोमवारी आपली जीप चरात गेली, तर गड्यानं एकट्यानं मागून उचलली. त्याला हार्टचा आजार?”

“तू समोर बघ.”

“समोरच बघतोय. समोर निस्ता ऊस हाय.”

त्यांनी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. कारभारीचा नवा ईसीजी चांगलाच येणार. मशीनची चूक होती, असं त्याला सांगायचं, डॉक्टरांनाही तेच सांगायचं. नंतर सवडीने पुण्याला जाऊन स्वतःचं कुणाला तरी दाखवायचं. या कानाचं त्या कानाला कळायचं कारण नव्हतं. अभ्यासात बायका नव्हत्याच. बायकांना पाळी जाईपर्यंत या आजाराची भीती नसते, असं डॉक्टर म्हणत, आणि शेहेचाळीस वर्षांच्या पुष्पावतीबाईही वस्त्यावस्त्यांवर तेच सांगत आल्या होत्या. एकदा बोललं की पिंपरीहून मुलगा, सम्राट, येणार. “आई, बस झालं आता,” म्हणणार. एकोणीस वर्षं वॉर्डात बेडपॅन आणि ड्रेसिंग केल्यावर दोन वर्षांपूर्वी ही जीप मिळाली होती. रोज वेगळं गाव, वेगळं अंगण. ते सोडून पिंपरीच्या दोन खोल्यांत औषधाच्या वेळा बघत बसायचं? मीठ कमी, जिना नको, उन्हात नको. हे सगळं त्या दुसऱ्यांना सांगत होत्या तोवर ठीक होतं.

वस्तीवर पोचल्या तेव्हा म्हस्क्यांच्या अंगणात दहा-बारा माणसं बसलेली होती. ट्रॅक्टर दिसत नव्हता. एक्केचाळीस वर्षांचा धिप्पाड कारभारी माकडटोपी घालून, गळ्यापर्यंत घोंगडी ओढून खाटेवर पडला होता. उशाशी त्याची बायको चांगुणाबाई वारा घालत होती, थंडीच्या दिवसांत.

“आलं का मशीन?” कारभारीने क्षीण आवाजात विचारलं. “बाई, मला उठवू नका. काल निरोप आल्यापासनं मी उंबरा सुदिक चढलो न्हाई.”

“उंबरा चढला न्हाई, पर सगळ्या वस्तीला भेटायला बोलावलं,” त्याची म्हातारी चुलती गोजरबाई म्हणाली. “परवापत्तुर तीन भाकरी खात हुता. आता बिनमिठाचं कालवन गिळतोय आन माझ्याकडं बघून रडतोय.”

“चुलते, तू गप. छातीत चमका मारत्यात.”

“रातभर कूस बदलली न्हाई त्यांनी,” चांगुणाबाई म्हणाली. “इकडनं तिकडं वळलं तर बंद पडंल म्हन्त्यात.”

पुष्पावतीबाईंनी चिमटे लावले, जेली लावून फुगे बसवले. शमशेरने बटण दाबलं. पट्टी निघत असतानाच त्यांनी ती वाचली. बाराही लीड्स स्वच्छ होत्या.

“कारभारीभाऊ, काही झालेलं नाही. हृदय ठणठणीत आहे. त्या दिवशी मशीनची चूक झाली होती.”

कारभारीने टोपीतून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

“मशीन हेच ना?”

“हेच.”

“मग तवा खोटं बोललं आन आज खरं बोलतंय, हे कुनी ठरवायचं?”

“मी सांगते ना.”

“तुमी सांगनारच. आजारी मानसाला असंच सांगायचं असतं. माझ्या बापाला बी शेवटपत्तुर गॅसच हाय म्हनले.” तो उठून बसला, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा आडवा झाला. “असू द्या. मी माझी तयारी केलीय. ट्रॅक्टर धाकट्याच्या हातात दिला. आता शुभीचं तेवढं उरकून घेतो. राहुरीचं स्थळ आलंय. म्हैन्याभरात बार उडवायचा, माझ्या डोळ्यादेखत.”

दाराच्या चौकटीला टेकून त्याची मुलगी शुभांगी उभी होती. अंगावर शाळेचा गणवेश होता, पण शाळेत गेलेली नव्हती.

“अहो, तिची दहावी आहे ना?” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

“मी असलो तर दहावी.”

“भाऊ, तुम्हाला काहीही झालेलं नाही!”

“मग डॉक्टरनं काय गंमत म्हनून फोन केला?” कारभारीचा आवाज पहिल्यांदा चढला. “तो झटका कुनाला तरी आलाय ना? का मशीननं आपल्या मनानं काढला?”

पुष्पावतीबाईंनी हातातली नवी पट्टी गुंडाळली. पुन्हा उलगडली. मुलीने मान खाली घातली होती. ती पायाच्या अंगठ्याने सारवणाचा पोपडा खरवडत होती. हिला एका वाक्यात परत शाळेत धाडता येत होतं, आणि ते वाक्य त्यांच्याखेरीज कुणाकडेच नव्हतं.

त्या खाटेच्या कडेवर बसल्या. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी नव्या पट्टीसोबत कारभारीच्या हातात दिला.

“ही तुमची पट्टी. सोमवारची. आजच्यासारखीच आहे, शेजारी ठेवून बघा.”

“आन डॉक्टरकडं गेली ती?”

“सुरुवातीला मी झोपते ना खाटेवर, तुम्हाला दाखवायला? ती माझी.”

शमशेर मशीनच्या तारा गुंडाळत होता. तो थांबला.

गोजरबाई पुढे सरकली. “बाईमानसाला बी हुतं हे?”

“होतं.”

“तवा तर न्हाई म्हनला हुता.”

“चुकीचं सांगितलं होतं, आजी.”

चांगुणाबाईचा वारा घालणारा हात खाली आला. कारभारीने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. त्याला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी तो एकेका रेघेवरून बोट फिरवत गेला. मग त्याने माकडटोपी ओढून काढली. केस उभे राहिले होते. “आयला!” म्हणत तो हसायला लागला, मोठ्याने, अंगण भरून. “शुभे, दप्तर घे! चांगुणा, मीठ आन गं, मूठभर आन...”

समोर पुष्पावतीबाई बसलेल्या होत्या. त्याची नजर त्यांच्यावर गेली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. तो खाटेवरून उतरला. अनवाणीच उभा राहिला.

“माजं काय बाई, मी आपलं...”

“बरं झालं हसलात,” त्या म्हणाल्या. “आता जेवून घ्या.”

त्या उठल्या आणि नेहमीच्या सवयीने मशीनची पेटी उचलायला वाकल्या. कारभारीने त्यांच्या आधी कडीला हात घातला.

“तुमी नका उचलू.”

“अहो, रोज मीच नेते.”

“न्हाई. तुमी नका उचलू आता.”

पेटी घेऊन तो पुढे चालू लागला. बांधावरून जीपपर्यंतच्या वाटेवर पुष्पावतीबाई त्याच्या मागून निघाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी पदराचं टोक धरलं. मागून शुभांगी दप्तर घेऊन पळत आली, त्यांना ओलांडताना क्षणभर थबकली, आणि पुढे गेली.

कारभारीने पेटी मागच्या सीटवर ठेवली, पुढचं दार उघडून धरलं आणि त्या बसेपर्यंत तसाच उभा राहिला.

जीप डांबरी रस्त्याला लागली. कारखान्याकडून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर मागे आला, हॉर्न देत पुढे निघून गेला. नंतर एक सायकलवाला गेला.

“शमशेर, एवढी हळू का चालवतोस?”

“रस्ता खराब हाय, सिस्टर,” तो समोर बघत म्हणाला.

पुष्पावतीबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. दिवाळीतच नवं डांबर पडलं होतं. त्यांनी काच खाली केली आणि ती तशीच राहू दिली.