खऱ्या सोन्यावरचा कर

“‘गरीब’ काढ,” रखमा म्हणाली.

चिंतामणी अर्जनवीसाचा बोरू थांबला. कोटातल्या कचेरीच्या पायरीशी चटई टाकून बसल्यापासून त्याने शेकडो अर्ज लिहिले होते आणि त्यांत एकही माणूस खाऊनपिऊन सुखी नव्हता.

“अगो बाई, प्राप्तीवरच्या कराचा अर्ज आहे हा. गरीब लिहिल्याशिवाय कर सुटतो का कुणाचा?”

“यंदा मचवा फुटला, तसं लिही. मचवा फुटला म्हंजे माणूस भिकारी व्हतो काय?”

“बरं, काढलं. पुढे, ‘मी अनाथ, निराधार अबला’...”

“नवरा हाय माजा. घरी जाळं विणतोय. त्याच्या कानावर गेलं तर तुजा बोरू मोडंल.”

“तेही काढलं. शेवटी ‘मेहेरबानांनी माफी द्यावी’ एवढं तरी राहू दे.”

“माफी कशाची? मी कुणाचं काय चोरलंय?”

“करमाफी गो. कायद्यातला शब्द आहे.”

“आसंल कायद्यातला. आमच्यात जो चुकतो तो माफी मागतो.”

खाडाखोड होता होता अर्जात एवढंच उरलं: रखमाबाई कोम विठोबा, राहणार माझगाव, मासळी विकते, यंदा मचवा फुटला, कर बसण्याजोगं उत्पन्न राहिलं नाही, सबब नाव काढून टाकावं. चिंतामणीने तो एकदा वाचला. इतका उद्धट अर्ज त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. त्यात खोटं असं काहीच नव्हतं.

हा कर सरकारने बसवला त्याला आता काही वर्षं झाली होती. पहिल्याच साली एक कारकून लालबागच्या बाजारात कोळणींचं उत्पन्न पाहायला आला. मासळीचा हिशेब त्याला कळत नव्हता आणि वास सोसत नव्हता. तेव्हा नाकाला रुमाल लावून तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि तिथून जे दिसलं त्यावर त्याने आकारणी केली. तिथून गळे दिसत होते. कोळणीचा दागिना पेटीत नसतो, अंगावर असतो. टोपलीपुढे बसली तरी पुतळ्यांची माळ पदराबाहेर. रखमाची माळ बाजारात सगळ्यांत भारी, म्हणून यादीत तिचं नाव सगळ्यांत वर. दरसाल ती हरकत घ्यायला सगळे दागिने घालून कचेरीत जाई आणि दरसाल कर कायम होई. दागिने घरी ठेवून जावं हे तिला कुणी सुचवलं नाही असं नव्हे. पण मोकळ्या गळ्याने उंबऱ्याबाहेर पडायला ती काही रांडाव नव्हती.

यंदाची गोष्ट मात्र वेगळी होती. होळीनंतरच्या वाऱ्यात मचवा खडकावर गेला, तेव्हा रखमाने कुणाला न विचारता सासूची माळ आणि पोहेहार उतरवले. माझगावात बभ्रा नको म्हणून ती गिरगावातल्या सोनाराकडे गेली आणि येताना भुलेश्वरहून पितळेवर मुलामा दिलेली तशीच जोडी घेऊन आली. हे तिला ठाऊक होतं आणि नवऱ्याला, विठोबाला. गळ्यात होतं ते सगळं खोटं होतं, आणि हे सांगितलं की कर सुटणार होता.

कचेरीत आत बाकावर तुळसा बसली होती. बाजारात तिची पाटी रखमाच्या शेजारी. तिने ठिगळाचं लुगडं नेसलं होतं आणि गळा मोकळा होता. तिचं सोनं, अस्सल, घरी तांदळाच्या कणगीत होतं. उन्हाने रापलेल्या मानेवर माळेच्या जागी फिकट पट्टा तेवढा राहिला होता, आणि अर्जांचा निकाल देणाऱ्या रावसाहेबांना चाळिशीशिवाय तो दिसला नाही. तुळसाने डोळ्यांना पदर लावला. तिला माफी मिळाली. पण ती उठून गेली नाही. रखमाचं काय होतं ते पाहायला बसून राहिली.

रावसाहेबांनी रखमाचा अर्ज वाचला, मग चाळिशी चढवून तिच्या गळ्याकडे पाहिलं.

“बाई, अर्जात उत्पन्न नाही म्हणतेस आणि अंगावर सगळं सराफाचं दुकान घालून येतेस?”

“दागिना गळ्यातच आसतो, रावसाहेब. चुलीत घालू काय?”

कारकून हसले. रावसाहेबांनाही हसू आलं. सकाळपासून त्यांच्यापुढे इतके दरिद्री लोक रडून गेले होते की ही बाई त्यांना बरी वाटली. ते पुढे वाकले.

“हे मुलाम्याचं असेल. हल्ली हुबेहूब मिळतं. तसं असलं तर तसं सांग. मी शेरा मारतो, तू सुटलीस.”

बाकावर तुळसाने मान पुढे काढली.

एक शब्द पुरे होता, आणि तो खरा होता. पण तो शब्द रखमाच्या आधी लालबागला पोचला असता. सोनं विकल्याची तिला लाज नव्हती. मचव्यासाठी तिने आणखीही काही विकलं असतं. पण कणगीत सोनं ठेवून आलेल्या बाईपुढे आपलं खोटं आहे म्हणायचं?

“खरं हाय,” रखमा म्हणाली. “माज्या सासूचं.”

सासूचं सोनं खरंच होतं. ते आता मचव्याच्या तळाला फळ्या होऊन बसलं होतं, एवढंच. रावसाहेबांनी सुस्कारा टाकला आणि लिहिलं, ‘कर कायम’.

पायऱ्या उतरताना तुळसा म्हणाली, “खोटं हाय म्हणायचं व्हतं गो. साहेब सोताहून वाट दावत व्हता.”

“तुला मिळाली ना माफी? मंग जा. दिस कलायच्या आत घरी पोच.”

विठोबा ओटीवर जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही.

“काय जालं?”

“कायम.”

“सांगितलं नाय?”

“नाय.”

“तुळसा व्हती?”

“व्हती.”

विठोबाने एक गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली. “मंग बराबर केलंस.”

कराचा भरणा झाला. तांबट आळीतला माणूस रखमाच्या लग्नातले दोन्ही हंडे घेऊन गेला. जाताना त्याने ते एकमेकांवर आपटले. आवाज चांगला खणखणीत आला.

दुसऱ्या दिवशी रखमा विहिरीवर गेली तेव्हा तुळसा रहाटापाशी होती. तिच्या गळ्यात माळ परत आली होती.

“हंडे कुठं गेले गो?”

“मडक्यात पानी गार ऱ्हातं,” रखमा म्हणाली.

तिने मडकं डोईवर घेतलं आणि निघाली. हंडा असता तर ती झपझप गेली असती. मडक्याला ठेच सोसत नाही, म्हणून एकेक पाऊल जपून, मान जराही न हलवता ती चालली. पाहणाऱ्यांना ती ऐट वाटली.