सासऱ्यासमोर बोलणं

हेमसिंग नायकाला तांड्यात कधी कुणी कोड्यात टाकलं नव्हतं. बैल कुणाच्या शेतात शिरला, कुणाची पोर कुठं द्यायची, सगळ्याचा निकाल तो बिडी विझायच्या आत लावायचा. पण पटकीची साथ आली, धनजच्या शाळेतली बाकं काढून तिथं खाटा टाकल्या गेल्या, आणि नायकाची अक्कल पार गहाण पडली.

एका खाटेवर त्याचा धाकटा भाऊ गोविंदसिंग. शेजारच्या खाटेवर त्याचीच सून, रुपाबाई. सकाळपासूनच्या उलट्या-जुलाबांनी दोघांचंही चिपाड झालेलं. आणि डॉक्टरांकडे शिरेतून द्यायच्या सलाईनची बाटली उरली होती एकच. पुढच्या बाटल्या उद्याच्या एसटीनं कारंज्याहून यायच्या होत्या.

"अर्धी-अर्धी द्या न साहेब," नायक म्हणाला. "भाकर वाटतो आपन, तशी."

"अर्ध्यानं दोघंही हातची जातील."

"मंग?"

"ज्याचं एका बाटलीत भागेल, त्यालाच द्यायची. जो फार खोल गेला, त्याला एक पुरत नाही."

खोल म्हणजे कुठं, हे नायकाला कळेना. डॉक्टरांनी दोघांच्या नाड्या पाहिल्या, त्या सारख्याच क्षीण निघाल्या. मग ते गोविंदसिंगावर वाकले. "काका, ऐकू येतं का?"

"पानी," गोविंदसिंग म्हणाला.

डॉक्टर रुपाबाईकडे वळले. "बाई, नाव सांगा. अहो बाई!" पदराआडून हूं नाही की चूं नाही. पुन्हा हाक मारली, खांदा हलवला. शेवटी त्यांनी मान हलवली. "ही शुद्धीवर नाही. बाटली काकांना." आणि सुई उकळायला स्टोव्हवर ठेवली.

नायक बावचळला. शुद्धीवर नाही? आत्ता तो दारातून येत होता तेव्हा तर ती त्याच्या बायकोला, जमनाबाईला सांगत होती, लेकराले बकरीचं दूध पाजा म्हणून. याची चाहूल लागली आणि तिनं पदर ओढून घेतला. लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं. तांड्याची रीतच तशी. आणि या रीतीचा रखवालदार कोण? तर मिशीला पीळ देणारा हाच शहाणा!

"तुमी भायेर जा न," जमनाबाई पुटपुटली. "थे तुमच्यापाई गप हाये."

बाहेर जावं, तर सून बोलेल आणि बाटली तिची. आपणच साहेबांना खरं सांगावं, तरी तेच. थांबावं, तर बाटली भावाची. ज्याला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, तो भाऊ. आणि घरात लेकरू टाकून आलेली ही परक्याची पोर. न्याय करावा, तर गुन्हा कुणाचाच नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्या माणसाला निदान आड तरी दिसतो. नायकाला काहीच दिसेना. पाय दाराकडे वळेनात आणि तिथं उभंही राहवेना.

डॉक्टरांनी चिमट्यानं सुई उचलली, तसं त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "रुपा, बोल माय. मी सांगतो न, बोल!"

सगळे चपापले. पदर हलला.

"मामाजी," आतून बारीक आवाज आला, "मले मराचं नाई."

डॉक्टर चमकून फिरले. "अरे, ही तर जागी आहे! वय लहान आहे, एका बाटलीत सावरेल." बोलता बोलता त्यांनी बाटली तिच्या खाटेशी टांगलीसुद्धा.

नायकाला हायसं वाटलं आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली. तो वळला. गोविंदसिंग टक लावून त्याच्याकडेच पाहत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "पयले तं मी बोललो होतो."

"हो रे," नायक म्हणाला. त्यानं भावाचे गार पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसला.