एक पूल, एक यंत्र आणि मी पिशवी

मी पावाची कागदी पिशवी बोलतेय. हो, तीच, डाव्या कोपऱ्यात लोण्याचा डाग असलेली. डागाला हसू नका. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा शिक्का त्याच्या शेजारीच बसलाय.

ला मोचा गावातल्या बेकरीवाल्या रोसेंदोनं माझ्यात सहा गरम पाव घातले आणि मला फिदेलिनाबाईच्या हातात दिलं. माझ्या जातीचं आयुष्य ते केवढं? पाव संपला की कुणी फुंक मारून फोडतं, कुणी चूल पेटवतं. पण फिदेलिनाकडे पिशव्यांना काम होतं. ती त्यांच्यावर टोमणे लिहायची, आत दगड घालायची आणि नदीपलीकडे बहिणीच्या अंगणात भिरकावायची.

नदीवरचा झुलता पूल वाहून गेला त्याला चौदा महिने झाले होते. दोघी बहिणी सत्तरीच्या पुढच्या, एक या काठाला, एक त्या काठाला. आधी ओरडून भांडायच्या. पाणी वाढलं आणि ऐकू येईना, तेव्हा पिशव्या सुरू झाल्या. भांडण मका दळायच्या लोखंडी यंत्राचं. आईच्या माघारी यंत्र ओतिलियानं नेलं, तर फिदेलिनानं त्याचा दांडा काढून ठेवला. तेव्हापासून दोघींच्याही घरी दुकानातलंच पीठ.

माझ्यावरही तिनं तेच लिहायला घेतलं: ‘ओतिलिया, यंत्र दे. दांडा मिळणार नाही.’ आत घालायला दगड शोधत होती, तेवढ्यात शेजारचा नोए धापा टाकत आला, अंगावरून पाणी निथळत.

“तुमची बहीण नदीत उतरली होती. कमरेपर्यंत. वेणीला धरून तिच्या काठावर परत ओढली मी.”

“कशाला उतरली?”

“डोळ्यांचे थेंब संपलेत म्हणे. दवाखाना या काठाला. गाडीरस्त्यानं यायचं तर अख्खा दिवस जातो.”

“तिला गाय आणि पाद्री यातला फरक दिसत नाही, आणि नदी ओलांडायला निघाली,” फिदेलिना म्हणाली. मग दगड शोधायचं सोडून खुर्चीत बसली.

“पावसाला दोन महिने आहेत. नगरपालिकेला सांगा की.”

“नऊ वेळा सांगितलं. ‘अभ्यास चालू आहे’ म्हणतात. एवढ्या अभ्यासात माझा नातू डॉक्टर झाला असता.”

“मग वरच्या कोर्टात जा. वकील लागत नाही. कसलाही कागद चालतो.”

तिनं इकडेतिकडे बघितलं. घरात कागद म्हणून मीच. तिनं मला उलटं केलं आणि लिहिलं: ‘साहेब, आमचा पूल गेलाय. माझी बहीण आंधळी होत चाललीय आणि हट्टी तर जन्मापासून आहे. ती परत पाण्यात उतरेल. पाऊस यायच्या आत पूल द्या.’

दोन बस बदलून आम्ही राजधानीला गेलो. कोर्टाच्या खिडकीत योर्लेनी नावाची कारकून होती. तिनं मला नाकाजवळ नेलं.

“मावशी, हिला पावाचा वास येतोय.”

“मग काय डांबराचा येणार? तू शिक्का मार, पोरी.”

शिक्का बसला. मी पिशवी होते, खटला झाले.

फाइलच्या कपाटात शेजारी मोठे मानी होते. एक निकाल कोंबड्याचा: पहाट ही कोंबड्याची वेळ आहे, त्याला गप्प करता येणार नाही; खुराडं मात्र शेजाऱ्याच्या खिडकीपासून हलवावं. एक केसांचा: विद्यार्थ्याची वेणी कितीही लांब असली तरी ती शिकण्याच्या आड येत नाही. एक कैद्याच्या गादीचा, तीन पानी आणि फार गंभीर. त्यांनी मला विचारलं, “तुझं काय?” मी म्हटलं, “पूल.” कोंबडेवाला निकाल म्हणाला, “आणि पाठीवर ते काय लिहिलंय?”

तेव्हा मला आठवलं. टोमणा तसाच राहिला होता. दोन्ही बाजू अर्जात धरल्या गेल्या होत्या.

नगरपालिकेचं उत्तर आलं. पुलाचा अभ्यास चालू आहे, असं त्यात होतं. आणि खाली: ‘सदर यंत्र नगरपालिकेच्या ताब्यात कधीही नव्हतं. दांड्याबाबतही आम्हांस माहिती नाही.’ अध्यक्षांनी सही केली होती, उपाध्यक्षांनीही.

मग निकाल लागला. फाइलला जोडताना योर्लेनीनं तो शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवला. माणसाला नदीत उतरायला लावून दवाखाना गाठायला सांगणं म्हणजे दवाखाना नाकारणंच आहे. चौदा महिने अभ्यासाला पुरेसे झाले. साठ दिवसांत पूल बांधावा आणि बांधल्याचा पुरावा पाठवावा. पुढचं वाचताना तिला हसू आवरेना. ‘यंत्र एका काठाला आणि दांडा दुसऱ्या काठाला, या परिस्थितीत नगरपालिकेचा दोष दिसत नाही. अर्जदार व तिच्या बहिणीनं हा प्रश्न आपसांत सोडवावा. पूल झाल्यावर ते सोपं जाईल.’

मी दिवस मोजत पडून राहिले. बाहेर आभाळ गडगडायला लागलं तसा माझा कागद आक्रसला. नदी चढली असेल का? ती म्हातारी थांबली असेल का? कपाटात कुणी काही सांगत नाही.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पुरावा आला. एक फोटो. योर्लेनीनं तो टाचणीनं माझ्याच पोटाला लावला, म्हणून रोज बघते. नवा पूल. एका टोकाला नगराध्यक्ष कात्री घेऊन उभा आहे, फीत अजून अखंड आहे, पण दोघी म्हाताऱ्या फितीखालून वाकून आधीच मधोमध पोचल्यात. दोघींमध्ये ते यंत्र. दांडा लावलेला. दोघींचे हात दांड्यावर, दोघींची तोंडं उघडी. कुणी आधी दळायचं यावरून चाललं असणार.

आता मी जुनी झालेय, घडीवर फाटायला आलेय. तुम्हाला एवढंच सांगते: पाव संपला म्हणून पिशवी लगेच फोडू नका. आणि लिहायला घ्याल तेव्हा मागची बाजू आधी बघून घ्या.

माझं काही मागणं नाही. वास गेला, डाग राहिलाय. आणि फोटोत, नीट पाहिलं तर, फिदेलिनाच्या एप्रनच्या खिशातून डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीचं बूच डोकावतंय.