जिनजूवालीचं मत

प्लास्टिकखाली अडकलेली लसणाची पात आकड्यानं भोकातून वर काढत आम्ही दोघी एकाच सरीत बसलो होतो. बोटं गारठून गेली होती. हादोंगवाली पुढं, मी मागं. नेहमी तीच पुढं असते.

"काल सभेत माईकवर काय गं बोललीस?" मी विचारलं.

"काय बोलले?"

"लसणाला काय ठावं, उपटणारा हात बाईचा हाय का बाप्याचा? हे जूनमधी याच रानात कुणी म्हटलं व्हतं?"

तिचा आकडा थांबला. "तू म्हटलं व्हतंस, अक्का."

"मग माझं नाव घ्यायला तोंड दुखलं?"

"नाव घेतलं असतं तर समदे म्हणाले असते, जिनजूवालीनं शिकवून पाठवली."

"म्हणू दे की! शिकवलीच हाय!"

आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावानं हाक मारतात. मी जिनजूची, ती हादोंगची. गावप्रमुखाच्या निवडणुकीचा कागद लागला आणि त्यावर 'पाक म्योंगरे' असं तिचं नाव आलं, तेव्हा म्हातारे एकमेकांना विचारत होते, ही कोण बया? उभी राहिली ती दोकमानच्या विरोधात. दोकमान म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, बारा वर्षं खुर्चीला चिकटलेला. हिनं तीन वचनं दिली होती. हिवाळ्यात सभागृहात म्हाताऱ्या बायकांना लिहा-वाचायला शिकवायचं. लसणाच्या कामाला पुरुषाला दिवसाचे दीड लाख वॉन तर बाईलाही दीड लाख, आतासारखे लाख नव्हेत. आणि तिसरं, घरटी एक मत बंद करून माणशी एक मत. आजवर घराचा कर्ता जाऊन मत टाकायचा. त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस मतं.

खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळते. एकाच वर्षी आम्ही या गावात नांदायला आलो. तिचा नवरा जिता आहे, माझा जाऊन नऊ वर्षं झाली. तिला वाचता येतं. माझ्या औषधाच्या पुड्या तीच वाचून देते, त्याचाही मला राग येतो. तिच्याकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, मत. नवरा गेला म्हणून घरची कर्ती मी. आणि ही बाई तेवढंही सगळ्यांना वाटून टाकायला निघाली होती.

"मला मत देशील न्हवं, अक्का?"

"तुझ्या घरचं तरी तुला पडंल का, ते बघ आधी."

तिनं आकडा पुढच्या भोकात घातला. भावाच्या विरोधात मी जायचा न्हाई, असं तिचा नवरा चांगसोक चारचौघांत बोलला होता.

मतदानाच्या दिवशी सभागृहात दोकमान सगळ्यात ऊबदार जागा धरून कॉफी पीत बसला होता. त्याच्या विरोधातली उमेदवार आत स्वयंपाकघरात घामाघूम होऊन गावासाठी नूडल्स शिजवत होती. मत नाही, मग बाहेर तिचं काय काम? मी मात्र ठेवणीतलं जांभळं जाकीट घालून रांगेत उभी राहिले.

माझ्यापुढं चांगसोक. कागदावर उमेदवाराचा नंबर लिहायचा होता. त्याचा हात वरून खाली सरळ गेला. एकच रेघ. मला अक्षर येत नाही, पण आकडे कळतात, बसचे नंबर वाचते मी. उभी रेघ म्हणजे एक, आणि एक नंबर दोकमानचा होता.

मीही तीच रेघ मारायचं ठरवून आले होते. पेन टेकवलं. आतून सुक्या मासळीच्या रश्श्याचा वास आला, तिचा आवाज आला, "मीठ बघा गं कुणीतरी!" आणि एकदम मनात आलं, ही पडली तर उद्या दोकमान टवाळखोरांत बसून माझंच वाक्य म्हणून दाखवील, लसणाला काय ठावं! आणि सगळे फिदीफिदी हसतील. माझ्या वाक्याला? मी दोन लिहिला. तिच्यासाठी नव्हे, माझ्या वाक्यासाठी.

बावीस विरुद्ध एकवीस. हादोंगवाली एका मतानं निवडून आली.

सगळे चांगसोकच्या पाठीवर थापा मारायला लागले. "शेवटी बायकोच खरी, व्हय रं?"

"मग!" तो कान खाजवत म्हणाला. "घरचं माणूस हाय."

लाज म्हणून नाही मेल्याला. वाक्य बायकोनं नेलं, मत नवऱ्यानं नेलं. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले.

"अगं, तुझ्या नवऱ्यानं..."

"एक नंबरला दिलं," वाडगी भरता भरता ती म्हणाली. "चाळीस वर्सं नांदतीया मी त्याच्याशी. ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? बावीस घरं मोजली व्हती मी. आमचं सोडून, तुझं धरून."

धरून! मला न विचारता! मला वाटलं होतं, निदान हे गुपित तरी माझं एकटीचं आहे. तेही तिला आधीच माहीत. 

ती एप्रनला हात पुसत म्हणाली, "माईक चालू हाय अजून. बाहेर जाऊन तुझं नाव घेऊ का, अक्का?"

"आधी वाढ. भूक लागलीया."

प्रत्येक वाडग्यात ती अर्धं अंडं ठेवत होती. माझ्या वाडग्यात तिनं दोन अर्धी ठेवली. तबकात चांगसोकसाठी वेगळं ठेवलेलं वाडगं मी नीट बघून घेतलं. त्यात नुसते नूडल्स होते.

मी माझं वाडगं उचललं आणि बाहेर जाऊन, दोन्ही अर्धी अंडी त्याला नीट दिसतील अशी, चांगसोकला अगदी खेटून बसले.