तुंजाकाठचा लाल-पांढरा पीळ

बाल्कन पर्वताच्या माथ्यावरचे हिम अजून वितळायचे होते. पण पायथ्याच्या खोऱ्यात वसंताने हळूच पाऊल टाकले होते. वर धूसर-नील शिखरे, खाली ओलसर काळी शेते, आणि शेतांच्या मधून वळणे घेत, थबकत, पुन्हा धावत जाणारी तुंजा नदी. तिच्या पाण्यात कालच्या हिमाचा गारठा होता आणि आजच्या उन्हाचे सोने होते. काठावरच्या वाळुंजांना पोपटी ठिपके फुटले होते. आलुबुखाराच्या झाडावर मात्र नुसत्या कळ्या होत्या, घट्ट मिटलेल्या.

त्या सोनेरी-गार सकाळी, बल्गेरियातल्या त्या नदीकाठी, एका निळ्या गाडीतून एक अजब कुटुंब उतरले. अजब अशासाठी, की ते अजून कुटुंब झालेच नव्हते.

आधी उतरल्या कुमुदआत्या. अंगावर इरकली साडी, साडीवर भाच्याचा लोकरी कोट, डोक्याला कानटोपी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि काखेत कापडी पिशवी. वाईच्या कृष्णाकाठी ज्यांचा जन्म गेला त्यांना कुठलीच नदी परकी वाटत नाही. त्यांनी वाकून तुंजेचे पाणी डोळ्यांना लावले, आणि मगच ते फार गार असल्याची तक्रार केली.

मागून त्यांचा भाचा निरंजन आणि त्याची बायको ऋजुता. टोरांटोला त्यांचे घर होते, घरात उजेड होता, अंगणात सफरचंदाचे झाड होते, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बरीच वर्षे रिकाम्या होत्या. दवाखाने झाले, उपास झाले, आत्यांचे नवसही झाले. मग एके दिवशी दोघांनी ठरवले, की मूल पोटीच यायला हवे असे कुठे आहे? ते दारीही येईल.

आणि शेवटी उतरली ती दोन मुले. नेवेना आठ वर्षांची, गव्हाळ केसांची, ओठ मिटून घेतलेली. तिच्या बोटाला लोंबकळणारा तिचा भाऊ बोयान, चार वर्षांचा, ज्याचे तोंड कधीच मिटत नसे. शेजारच्या शहरातल्या बालगृहात ती राहत होती, आणि आजच्या सहलीला बालगृहाने परवानगी दिली होती. दुभाषी म्हणून देसिस्लावा नावाची हसरी तरुणी सोबत होती. आत्यांनी तिचे पहिल्याच दिवशी 'देसी' करून टाकले होते.

उद्या सकाळी बालगृहाच्या बाई नेवेनाला समोर बसवून एकच गोष्ट विचारणार होत्या : या माणसांबरोबर जायचे आहे का? बोयानला विचारायचे कारणच नव्हते. ताई जिकडे, तो तिकडे. सगळे घोडे त्या एका 'हो'पाशी अडले होते. 'हो' आले तरी कागदपत्रे होऊन मुले टोरांटोला पोचायला आणखी काही महिने लागणार होते. आणि नेवेना या आठवड्यात 'बरं' आणि 'आभारी आहे' यांपलीकडे काही बोललीच नव्हती. ऋजुता टोरांटोत वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बल्गेरियन शिकली होती. भाषा तिला आली होती. फक्त बोलायला समोरून कुणी हवे होते.

या गावी यायचे ते करकोच्यासाठी. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर काटक्यांचे भले मोठे घरटे होते. हिवाळा आफ्रिकेत घालवून शुभ्र-कृष्ण पंखांचा तो पाहुणा या दिवसांत परत येतो, अशी साऱ्या गावाची खात्री होती. बोयान सकाळपासून आकाशाकडे बघत होता आणि म्हणून सारखा ठेचकाळत होता. आत्यांनी त्याला मराठीतून दटावले. त्याने बल्गेरियनमधून उत्तर दिले. दोघांचे चांगले जमले होते.

नेवेनाच्या मनगटावर एक दोरा होता. लाल एक पदर, पांढरा एक पदर, एकमेकांत पिळलेले. महिनाभर अंगावर वागवून लालाचा विटका गुलाबी झाला होता, पांढऱ्याचा राखाडी. बालगृहात सगळ्याच मुलांच्या हातांत तसे दोरे होते. बोयानने आपला केव्हाच तोडून हरवला होता. नेवेनाने मात्र तो आंघोळ करतानाही जपला होता.

देसिस्लावा गावातल्या बेकरीत गरम बानित्सा आणायला गेली. चीज भरलेल्या त्या खुसखुशीत पोळीचा वास थेट नदीपर्यंत येत होता. नेवेना पाण्याशी वाकून हात धूत होती. तेव्हा तो जीर्ण-क्षीण दोरा आपणहून सुटला, आणि गुळगुळीत दगडांवर पडला.

ऋजुताने तो उचलला. ओला, विरलेला, गाठ सुटलेला. तिच्या मनात दुसरा विचारच आला नाही. लहानपणापासून तिने हेच पाहिले होते : राखी असो, अनंताचा दोरा असो, मनगटावरून उतरलेले सूत पायदळी जाऊ द्यायचे नाही, कचऱ्यात टाकायचे नाही, वाहत्या पाण्यात सोडायचे. तिने दोरा ओंजळीत घेतला, डोळे मिटले, या दोन लेकरांना सुखी ठेव म्हणून मनोभावे सांगितले, आणि ओंजळ तुंजेत उघडली.

लाल-पांढरी एक रेघ लाटेवर तरंगली, वळली, उन्हात एकदा चमकली आणि गेली.

डोळे उघडले तेव्हा नेवेना समोर उभी होती. ती रडली नाही. ओरडली नाही. ती फक्त पाण्याकडे बघत राहिली, मग बोयानच्या कानात काहीतरी कुजबुजली, आणि झाडाखालच्या बाकावर पाठ करून बसली. बोयानचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच गप्प झाला होता.

देसिस्लावा परतली आणि तिने सगळा उलगडा केला. त्या दोऱ्याला म्हणतात मार्तेनित्सा. मार्चच्या पहिल्या दिवशी माणसे तो एकमेकांच्या हातांत बांधतात, स्वतःचा स्वतः कुणी बांधत नाही. बांधताना मनात एक इच्छा धरायची. ती कुणाला सांगायची नाही. करकोचा दिसला, की दोरा उतरवून झाडाला बांधायचा, म्हणजे इच्छा फळते. तोवर तो हातात असायलाच हवा. आता करकोचा येणार नाही, असे नेवेनाने भावाला सांगितले होते; ते देसिस्लावाने बोयानकडून काढून घेतले.

 ऋजुता दगडावर बसली. "आत्या, उद्या ती नाही म्हणेल," ती म्हणाली. निरंजनने तिच्या पाठीवर हात ठेवला.  नदी आपली वाहत होती, हसत-खळाळत, दिलेले परत न करणारी.

आत्यांनी कानटोपी सारखी केली. भाच्याच्या बायकोवर त्यांचा जीव होता, म्हणून त्या तिला गोड बोलून समजावत बसल्या नाहीत.

"अगं, रीत तुझी बरोबरच होती," त्या म्हणाल्या. "दोरा तेवढा दुसऱ्याचा होता."

मग त्या नेवेनापासून चार हात अंतरावर, गवतातच फतकल मारून बसल्या आणि त्यांनी काखेतली पिशवी उघडली. त्या पिशवीत कापूस होता. कुमुदआत्या कुठेही गेल्या तरी वातींचा कापूस त्यांच्याबरोबर जाई. रिकामे हात त्यांना सहन होत नसत. विमानतळावर एका तरण्याबांड शिपायाने तो कापूस आणि कुंकवाचा करंडा उघडून फार वेळ न्याहाळला होता. आत्यांनी त्याला तिथल्या तिथे एक वात वळून दाखवली होती, आणि त्याने कंटाळून जाऊ दिले होते.

तर त्यांनी कापसाचा पेळू घेतला, बोटांना पाणी लावले, आणि सूत ओढू लागल्या. ओढायचे आणि वळायचे, वळायचे आणि ओढायचे. शुभ्र-मृदुल, अखंड-तलम, ढगातून पावसाची धार निघावी तसे सूत निघाले. देवाला वाहायची कापसाची वस्त्रे त्यांनी जन्मभर केली होती. पांढऱ्या कापसावर कुंकवाचे बोट टेकायचे, की वस्त्र झाले. आज बोट टेकून भागणार नव्हते. त्यांनी वाटीभर पाण्यात कुंकू कालवले, अर्धे सूत त्यात बुडवले, आणि ते तुंजाकाठच्या फांदीवर वाळत घातले. लाल थेंब गवतावर टपटपले.

आता पीळ घालायचा, तर दुसरे टोक धरायला माणूस हवा. आत्यांनी ते बोयानच्या हाती दिले. त्याने ते फार प्रामाणिकपणे धरले, आणि तेवढ्यात डोक्यावरून एक कावळा गेला म्हणून सोडून दिले. पीळ सरसर उलगडला, सुताचा गुंता झाला, आणि बोयान इतका हसला की पालथा पडला. आत्यांनी पुन्हा सुरुवात केली. तो पुन्हा हसला, पीळ पुन्हा सुटला.

बाकावरची पाठ किंचित वळली. गव्हाळ केसांआडून एक डोळा हे सगळे बघत होता. ज्याला काम येते त्याला दुसऱ्याचा गोंधळ फार काळ बघवत नाही. नेवेना उठली, आली, भावाच्या हातातून तिने टोक काढून घेतले आणि आत्यांच्या उलट दिशेने पीळ देऊ लागली. इकडे वाईची सुरकुतलेली बोटे, तिकडे बल्गेरियाची इवली बोटे. मध्ये लाल-पांढरे, पांढरे-लाल, ताणत, थरथरत, घट्ट होत जाणारे सूत. पुरेसा पीळ बसल्यावर तिने दोरा मधोमध दुमडला आणि सोडला. दोन्ही अर्धे आपोआप एकमेकांना वेटाळत गेले.

"हिला येतंय की," आत्या म्हणाल्या. "हाताला वळण आहे पोरीच्या." देसिस्लावाने ते नेवेनाला सांगितले. नेवेनाच्या नाकाला कुंकू लागले होते. ती हसली नाही, पण ओठांची मूठ थोडी सैल झाली.

एकेक करून दोरे झाले. नेवेनाने पहिला बोयानला बांधला. मग आत्यांना, त्यांच्या पाटल्यांच्या वर. मग निरंजनला, मग देसिस्लावाला. मग ती ऋजुतासमोर येऊन थांबली. फार वेळ थांबली.  मग नेवेनाने खाली मान घालून तिच्या हिरव्या बांगड्या मागे सारल्या आणि दोरा बांधला, दोन गाठी मारून.

एक दोरा उरला. नेवेनाच्या हातात तो तसाच होता. स्वतःचा स्वतः बांधायचा नसतो. तिने सगळ्यांकडे पाहिले, आणि मग आपले रिते मनगट ऋजुतापुढे केले.

ऋजुताने दोरा घेतला. गाठ एकदा चुकली. नेवेनाने हात मागे घेतला नाही. दुसऱ्यांदा ती बसली. त्या चिमुकल्या मनगटात एक नाडी उडत होती, आणि ती ऋजुताला बोटाखाली लागत होती. तिने लेकराचा हात लगेच सोडला नाही.

सगळ्यांनी बानित्सा खाल्ली, हातांचे तूप गवताला पुसले, आणि ऊन माथ्यावर आले. आणि मग बोयान किंचाळला.

पर्वताकडून, नील-निळाईतून, एक पांढरी रेघ संथ उतरत आली. पंख पसरले, पंखांच्या कडा काळ्याभोर. लांब लाल पाय खाली सुटले. आणि तो घरट्यावर टेकला, जणू सकाळी उठून भाजी आणायला गेला होता आणि आता परत आला. त्याने मान मागे टाकली आणि चोच वाजवली. टकटक-टकटक-टकटक. खोरेभर ती लाकडी टाळी घुमली. गावातली माणसे दारांत आली. निरंजन टोरांटोच्या कचेरीत कधी नाचला नसेल तसा बोयानला खांद्यावर घेऊन नाचला. कुमुदआत्यांनी करकोच्याला हात जोडले. प्रवासातून आलेल्या माणसाला विचारतात, तसे त्यांनी त्याला विचारले, की येताना त्रास नाही ना झाला.

मग सगळे आलुबुखाराच्या झाडाखाली जमले. मिटलेल्या कळ्यांमध्ये एकेक लाल-पांढरी गाठ बसू लागली. आत्यांची, बोयानची, निरंजनची, देसिस्लावाची. ऋजुताने आपला दोरा बांधला आणि तिचे मनगट मोकळे झाले. नेवेना तेवढी मागे उभी होती, आपल्या दोऱ्यावर दुसरा हात ठेवून.

 नेवेनाने देसिस्लावाला काही विचारले. यांच्या घरी झाड आहे का, असे ती विचारत होती. आहे, निरंजन म्हणाला, सफरचंदाचे आहे, अंगणातच आहे, पण तिकडे थंडी फार. ते मे महिन्यात फुलते. आणि करकोचे? करकोचे नाहीत, त्याने खरे ते सांगितले.

नेवेनाने यावर बराच विचार केला. मग दाताने गाठ सोडवून तिने आपला दोरा काढला, ऋजुताचा हात ओढून घेतला आणि त्याच्यावर बांधला. बांधता बांधता ती बोलू लागली, आठवडाभराचे साठलेले बोलल्यासारखी, थेट ऋजुताकडे बघून. देसिस्लावाने भाषांतराला तोंड उघडले. आत्यांनी तिचा हात दाबला. वर्षभराच्या संध्याकाळच्या वर्गाला ऋजुता याच वाक्यासाठी गेली होती.

"तुमचं झाड फुललं की त्याला बांध. घट्ट बांध. मी आले की बघणार आहे." नेवेना थांबली, आणि पहिल्यांदाच, अगदी थोडेसे, हसली. "नदीत सोडू नकोस."

ऋजुताने मान हलवली.  कुंकू ओले होते; हिरव्या बांगड्यांखाली, तिच्या गोऱ्या मनगटावर, दोऱ्याचा रंग हळूहळू उतरत होता, गुलाबी, आणखी गुलाबी. खांबावर चोच वाजत होती. खाली तुंजा वाहत होती. आणि काठाकाठाने, दोऱ्याच्या त्या हाताचे बोट धरून, नेवेना चालत होती.