निकानोर तिकोनाचा कान

"तोंडं बंद!"

निकानोर तिकोना ओरडला आणि गॅरेजातलं सगळं थबकलं. दोघा कारागिरांनी पाने खाली ठेवले, कुणीतरी रेडिओ बंद केला. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या दोन्या प्रिमितिवानंसुद्धा तोंडातला घास तसाच धरला. डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरातल्या त्या धुळकट रस्त्यावर हा विधी तीस वर्षं चालत आला होता. निकानोर गाडीखाली सरपटत जाई, डोळे मिटून घेई, आणि फटीतून निसटणारी हवा आपला पत्ता त्याच्या कानात कुजबुजे. आधी बसगाड्यांच्या ब्रेकची हवा, आता या श्रीमंतांच्या गाड्यांची.

आज हवा काहीच बोलली नाही.

गाडी तशी राजेशाही होती. चामड्याची आसनं, चारही चाकांना जोर, आणि स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेल्या चार रबरी पिशव्या. परदेशात कुणीतरी दहा वर्षं उपभोगून टाकलेली ही संपत्ती बंदरातून वाळवंट ओलांडून वर आली होती. निकानोरच्या लेखी ते रेशमी मोजे घातलेलं म्हातारं गाढव होतं. चाकाच्या कमानीत गाडीच्या पूजेच्या वेळी बिअरसोबत उधळलेले कागदाचे रंगीत तुकडे तिच्या चिकट्यानं अजून तसेच बसले होते. गाडीला बिअर पाजतात आणि रबराकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याच्या मनात आलं.

"काय म्हणते माझी राणी?" दोन्या प्रिमितिवानं विचारलं. ती कापडाची घाऊक व्यापारी होती, म्हणून मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब; आणि यंदाच्या उत्सवाची यजमान. उद्या शनिवारी तिला बँडमागून याच गाडीतून मिरवायचं होतं. रोज सकाळी गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला असे. गेल्या रविवारी तर तो तिच्या जावेच्या देखत बसला होता. "ती भवानी म्हणाली, प्रिमितिवाची गाडी तिच्यासारखीच, एका बाजूला झुकलेली! उद्या असं झालं ना उस्ताद, तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. माझ्या सगळ्या घागऱ्यांसकट."

"याआधी कुणाला दाखवली होती?"

"समोरच्या रोमुलोला. त्यानं कॉम्प्युटर लावला. म्हणाला, कॉम्प्रेसर दमलाय. नवा बसवला."

"दमणारच!" निकानोर गाडीखालून बाहेर येत थुंकला. "चार हजार मीटरवर हवा असते तरी किती? त्या डबड्याला समुद्रकाठचं वारं ठाऊक. राबणाऱ्याला चोर ठरवलंन, आणि चोर मजेत."

"मग चोर कुठाय?"

निकानोरनं क्षणभर त्या काळ्या कमानीकडे पाहिलं. पिशवी गळत असती तर ती बोलली असती. ती बोलली नाही, म्हणजे ती शाबूत. "नळीचा सांधा," तो ठामपणे म्हणाला. हे म्हणताना आपल्या आवाजाला एक पोकळ कड आहे, असं त्यालाच वाटलं. सांधा त्यानं बदलला. संध्याकाळी टायर आणि कमान यांच्यात बोटं घालून मोजलं. चार बोटं. चाकाजवळ भिंतीवर खडूनं चार रेघा ओढून तो घरी गेला.

शनिवारी सकाळी तिथं एक बोटही शिरेना.

दोन्या प्रिमितिवा उत्सवाच्या पोशाखात आली होती. डोक्यावर गोल टोपी, खांद्यावर लोकरीची झालरीची शाल, आणि जिभेवर धार. "वा, उस्ताद! चार रेघा मात्र सुरेख काढल्यात. लेकराला शाळेत घालायला हरकत नाही."

निकानोरनं इंजिन चालू केलं. गाडी बसलेल्या लामा जनावरासारखी मागून हळूहळू उठली. इंजिन बंद करून तो खाली वाकला. पुन्हा सगळे गप्प. त्याच्या डोक्यात काही महिन्यांपासून मुक्कामाला आलेली ती बारीक, एकसुरी गुणगुण तेवढी चालू होती. तिच्यापलीकडे जग गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं होतं.

"आज आली की ऐकू!" दोन्या प्रिमितिवा म्हणाली. "सूंऽऽ करतेय. दारापर्यंत येतंय मला, डोक्यावर टोपी असूनही!"

निकानोरनं कारागिरांकडे पाहिलं. दोघंही आपापल्या बुटांकडे पाहत होते.

"कुठून येतंय?" त्यानं विचारलं.

"मी सांगू?" ती हसायला निघाली आणि अर्ध्यावर थांबली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग ते हसू तिनं, लहान पोराच्या हातून सुरी काढून घ्यावी तसं, बाजूला ठेवलं. "सगळीकडूनच येतंय हो. मला काय कळतंय त्यातलं. दुपारी दोनला मिरवणूक आहे, एवढं मात्र कळतं."

भिंतीवरच्या खिळ्याला एक रिकामा डबा टांगलेला होता. निकानोरनं तो काढला आणि रस्ता ओलांडला.

एकोणीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्यानं तेव्हा आपल्याकडे काम शिकणाऱ्या रोमुलोला हातातल्या साबणाच्या ब्रशसकट हाकललं होतं. नळीवर फेस फासून बुडबुडे शोधत होता, एवढाच त्याचा गुन्हा. "फेस बहिऱ्यांसाठी असतो," निकानोर चारचौघांत म्हणाला होता, आणि रस्ता आठवडाभर हसला होता. त्या हसण्याची ऊब त्याला कित्येक हिवाळे पुरली होती.

रोमुलो गॅरेजाच्या पायरीवर जांभळ्या मक्याचं गरम पेय पीत बसला होता. त्यानं डबा पाहिला. काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोल," निकानोर म्हणाला.

रोमुलो उठून जवळ आला. "म्हटलं, साबण हवाय का?"

"हवाय."

रोमुलोनं डबा हातात घेतला. टोमणा मारायला त्याच्याकडे एकोणीस वर्षांची शिल्लक होती. त्यानं फक्त विचारलं, "कधीपासून?"

"मार्चपासून. बारीक आवाज गेले. तू बोललेलं अर्धं येतं, आणि तेवढं पुष्कळ आहे."

दोघं मिळून गाडीपाशी आले. रोमुलोनं सवयीनं जॅक ओढला, तसा निकानोर खेकसला, "ठेव तो! जॅकवर चढवूनच बघितलं असशील ना आधी? चाक लोंबलं की पिशवी ताणली जाते आणि घडीतली भेग मिटते. गाढवा, ओझं अंगावर असताना बघायचं असतं."

"आधी खाली टेकू तरी लावू दे, म्हाताऱ्या. अंगावर बसली तर मला मिरवणुकीऐवजी मयताला जावं लागेल."

टेकू लागले. निकानोर आडवा झाला आणि ब्रश त्यानं स्वतः घेतला. पिशवीच्या खालच्या घडीवर फेस फिरवून तो वाट पाहत राहिला. रबराच्या काळ्या सुरकुतीतून एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा. मग तिसरा. निकानोर त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. हवा बोलतच होती, अगदी त्याच्या नाकासमोर.

"पिशवी," तो बाहेर येऊन म्हणाला. "काल मी चुकलो, दोन्या. नळीचा सांधा चांगलाच होता."

नवी पिशवी रोमुलोकडे होती. दोघांनी मिळून ती बसवली. दीडच्या सुमारास चार बोटं पुन्हा कमानीत शिरली.

दोनला बँड गॅरेजावरून गेला. निकानोर दारात उभा होता. मोठा ढोल त्याच्या बरगड्यांना ऐकू येत होता. मागच्या रांगेतला एक पोरगेलासा माणूस झांजा वाजवत होता. पितळेच्या दोन थाळ्या उन्हात लखलखत एकमेकींवर आदळत होत्या, आणि त्यांतून काहीच निघत नव्हतं. मग गाडी आली. दोन्या प्रिमितिवानं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं नाही; तिचं लक्ष जावेच्या गच्चीकडे होतं. निकानोरनंही तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर मागच्या डाव्या चाकावर होती. गाडी पुढे सरकत गेली तशी डोळ्यांसमोर हात धरून, साबणानं सुरकुतलेली चार बोटं जुळवून, त्यानं ती जागा दुरूनच पुन्हा एकदा मोजली.