रानगव्याचा छाप

अयूब शेखचं चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ घड्याळ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. देवराव अलोणे एसटीत कंडक्टर होता, सिरोंचाच्या गाडीवर. एकदा उन्हातून आत येऊन तो घड्याळाचा पट्टा पाहत उभा राहिला. काउंटरच्या काचेखाली माचिसच्या पेट्यांवरचे छाप पसरून ठेवलेले होते. पट्टा राहिला बाजूला, देवराव काचेवर वाकला आणि म्हणाला, "यातला मोरवाला डबल हाय का तुमच्याजवळ?"

अयूबजवळ मोर डबल होता. देवरावच्या तिकिटांच्या पेटीत तेलुगू अक्षरांचा, दिव्याचं चित्र असलेला एक छाप होता. अदलाबदल तिथंच झाली. दोघांनाही तोवर वाटत होतं की हे वेड आपल्या एकट्यालाच आहे.

पुढं वरोऱ्याच्या कमळाबाई मेश्राम त्यांना येऊन मिळाल्या. त्या शाळेत शिकवायच्या आणि त्यांचे छाप साडीच्या खोक्यात असायचे. सुट्टीच्या रविवारी त्या सकाळच्या गाडीनं यायच्या. अयूबचं दुकान त्या दिवशी बंद असायचं. अर्धं शटर वर करून तिघं आत बसायचे. रिकाम्या पेट्या पाण्यात भिजवायच्या, छाप सुटला की अलगद काचेवर वाळवायचा, मग जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायचा. ही कामं ज्याच्या-त्याच्या घरी झालेलीच असायची. रविवार असायचा तो फक्त बदलीसाठी, छापाला छाप. पैशाचं नाव काढायचं नाही, आणि समोरच्यानं नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही, एवढंच ठरलेलं. एका हरणासाठी कमळाबाईंनी देवरावला दुपारभर झुलवत ठेवलं होतं. शेवटी गाडीला निघताना त्यांनी ते हरीण स्वतःहून त्याच्या हातावर ठेवलं आणि बदल्यात त्याचं घुबड उचललं. देवराव घरी जाऊन बायकोला, रुखमाला, ही हकीकत अशी सांगत होता की जणू एखादा सामना जिंकून आलाय.

शिवकाशीच्या एका कारखान्यानं जंगली जनावरांचा सेट काढला होता. नऊ छाप. देवरावजवळ आठ होते. राहिला होता रानगवा. तो ना अयूबजवळ होता ना कमळाबाईंजवळ. आलापल्लीच्या रस्त्यावर देवरावनं खरा गवा कितीदा तरी गाडीतून पाहिला होता, पण कागदावरचा काही हाती लागत नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका रविवारी देवरावनं कमळाबाईंचा वाघ मागितला. तसाच वाघ त्याच्याजवळही होता, त्यानं स्वतःच डाव्या हाताशी मांडून ठेवलेला. कमळाबाई हसल्या. देवरावही हसला आणि मान पुरती वळवून त्यानं आपला वाघ शोधला. अयूबला ते मान वळवणं खटकलं. त्यानंतर महिनाभरात आष्टीच्या स्टँडवर उतरताना देवरावची पायरी चुकली आणि तो तोंडावर पडला. दात तुटला. गाडीत सीटच्या दांड्या खांद्याला लागतात, बाजूला उभा असलेला माणूस दिसत नाही, हे मग त्यानं घरी सांगितलं.

नागपूरच्या डॉक्टरकडं अयूब त्याच्यासोबत गेला. काचबिंदू होता. डॉक्टर चांगला माणूस होता, घाई न करता त्यानं समजावलं. डोळ्यातल्या दाबानं आतली शीर सुकत गेली आहे, गेलं ते परत येणार नाही, उरलं आहे ते औषधानं किती टिकेल हे सांगता येत नाही. अयूबनं दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं तेच विचारून पाहिलं. उत्तर तेच आलं. रोज डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी स्प्रिंग सरळ करत असे. बंद पडलेली वस्तू उघडायची, पुसायची, पुन्हा चालू करायची, हाच त्याचा धंदा. इथं उघडण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या गाडीत देवराव म्हणाला, "नळीतून पाह्यल्यावानी दिसते मले. कवापासून, ते बी आठवत नाई. मले वाटे, सगळ्याइलेच असं दिसत असन."

एसटीनं त्याला गाडीवरून उतरवून डेपोत बसवलं. रुखमा वेळेवर डोळ्यात थेंब टाकायची. कोणी सांगितलं म्हणून तिनं गाजरं सुरू केली, कोणी सांगितलं म्हणून तांब्याच्या भांड्यातलं पाणी. नळी बारीक होतच राहिली. छाप पाहायचा तर देवराव तो नाकाजवळ धरायचा आणि कागद हळूहळू सरकवत राहायचा, आधी पंख, मग चोच, मग पाय.

अयूबच्या मनानं तेव्हा एकच घेतलं. याला दिसतंय तोवर गवा शोधायचा. यानं डोळे वाचणार नव्हते, हे त्यालाही कळत होतं. पण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. उन्हाळ्यात त्यानं दुकान बंद केलं, बदलीचे छाप टिनाच्या डब्यात भरले आणि सिरोंचाची गाडी धरली. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, जिथं गाडी थांबेल तिथं चहाच्या टपरीवर तो जुन्या माचिसपेट्या मागायचा. लोक हसायचे, पण शोधून द्यायचे. गवा मात्र कुठंच नव्हता.

आलापल्लीच्या पुढं पोलिसांनी त्याला गाडीतून उतरवलं. त्या वर्षांत जंगलात बंदूकवाले दादालोक, म्हणजे नक्षलवादी, फिरू लागले होते आणि अनोळखी माणसाकडं कोणी सरळ नजरेनं पाहत नसे. कॅम्पातल्या बाकावर त्याला दिवसभर बसवून ठेवलं. साहेबानं डबा उघडून टेबलावर पालथा केला. हत्ती, कंदील, कमळ, चाव्या, राजे-राण्या. यांचं काय करता, असं त्यानं विचारलं. जमवतो, असं अयूबनं सांगितलं. काऊन, असं त्यानं विचारलं. अयूब टेबलावरून खाली पडलेले छाप वेचू लागला. साहेबानं दोन-चार छाप उलटसुलट करून पाहिले, मग कंटाळून ते डब्यात भरायला सांगितलं.

सुटताना हवालदार म्हणाला, "असाच एक पागल इकडं बी हाय. कोलू नावाचा. त्याची पुरी भीत माचिसनं भरली हाय."

कोलूचा टोला, म्हणजे वस्ती, डांबरी रस्त्यापासून आत, सागाच्या जंगलात होता. चार घरं, मोहाची झाडं. कोलू पन्नाशीचा गोंड माणूस, लाकूड डेपोत कामाला जायचा. मराठी त्याला तुटकतुटक यायची. त्याची बायको केसरबाई मात्र बाजारात मोहफुलं विकून विकून चांगलं बोलायची. अयूबनं जोहार करून डबा उघडला तेव्हा कोलू आधी डब्याकडं आणि मग अयूबकडं पाहू लागला. मग त्यानं अयूबला हाताला धरून आत नेलं. कुडाच्या भिंतीवर, शेणामातीनं सारवलेल्या अंगावर, वीतभर उंचीपासून आढ्यापर्यंत छाप चिकटवले होते. मधोमध रानगवा होता.

अयूबनं डब्यातले सगळे छाप पुढं केले. त्यातले हवे तेवढे घ्या आणि हा एक द्या, असं त्यानं केसरबाईकडून सांगवलं. कोलूची ना नव्हती. पण धावड्याच्या डिंकानं लावलेला कागद मातीशी एकजीव झाला होता. अयूबनं आपल्या चिमट्यानं कोपरा उचलून पाहिला तर पापुद्रा सुटायला लागला. त्यानं चिमटा खिशात टाकला. रिकाम्या हातानं तो चंद्रपूरला परतला.

देवरावनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाडी सकाळचीच हाय ना?"

रुखमानं विरोध केला. एवढं ऊन, जंगल, चांगल्या डोळ्याच्या माणसाला पोलीस धरून बसवतात. तिनं अयूबला बाजूला नेऊन सांगितलं की भाऊ, तुम्ही तरी नाई म्हणा. अयूबला नाही म्हणवलं नाही. पाऊस लागायच्या आत ते निघाले. ज्या गाडीत देवराव वर्षानुवर्षं तिकिटं फाडत उभा राहिला होता, तिच्यात आता तो खिडकीशी बसला होता. कोणत्या वळणावर काय येतं हे तो आधीच सांगत होता. अयूब बाहेर पाहून हो म्हणत होता. टोल्याची वाट दोघांनी पायी काढली. देवरावचा हात अयूबच्या खांद्यावर होता.

कोलूच्या घराचं दार कंबरेएवढं. आत अंधार. देवराव भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "कुठी हाय?"

अयूबनं त्याचं बोट धरून गव्यावर ठेवलं. देवरावनं डोळा जवळ नेला, दूर नेला. केसरबाईनं दिवा आणला. दिव्याची वात हलत होती आणि त्या हलत्या उजेडात देवरावला भिंत आणि कागद वेगळे करता येईनात. त्याचा तळहात भिंतीवरून फिरत राहिला, गव्यावरून, मोरावरून, मातीवरून. अयूब दिवा वर धरायचा, खाली धरायचा, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून. एवढ्या दूर आणून आपण याला काळोखात उभं केलं, असं त्याला वाटलं.

कोलूनं बायकोला गोंडीत काहीतरी विचारलं. तिनं स्वतःच्या डोळ्यांवर बोटं ठेवून सांगितलं. कोलू बाहेर गेला. थोड्या वेळानं भिंतीच्या पलीकडून ठकठक सुरू झाली. तो कुऱ्हाडीनं कुडाच्या बांबूच्या कमच्या तोडत होता. केसरबाई धावत बाहेर गेली. पाऊस तोंडावर आला आणि हा माणूस घर फोडून राह्यला, असं ती बोलत होती. पण बोलता बोलताच सुटणारी माती तिनं खालून दोन्ही हातांनी धरली. दोन तळहातांएवढा तुकडा अख्खा निघाला. कोलूनं तो अंगणात आणून देवरावच्या मांडीवर ठेवला.

उन्हात देवरावनं मान खाली घातली आणि तुकडा डोळ्यासमोरून इंचाइंचानं सरकवू लागला. सगळे उभे होते.

"शिंगं पांढरी दाखवली हायेत," तो म्हणाला. "मले वाटे कागदावर काळी असतीन." मग बऱ्याच वेळानं, "पाय बी पांढरे. मोजे घातल्यावानी. बराबर हाय. खऱ्याचेही तसेच असते."

तो हसत होता. अयूबनं त्याला वर्षभरात तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग कोलू डब्याशी बसला. त्याला जनावरं नकोच होती, ती त्याच्या अवतीभवती होती. त्यानं आगगाडीचं इंजिन उचललं. देवरावनं आणखी मूठभर छाप त्याच्याकडं सरकवले. कोलूनं ते सगळे परत केले आणि एक बोट वर केलं. एकाला एक. देवरावनं त्याचा हात हातात घेतला आणि दोघं तसेच बसून राहिले. एकाची मराठी तुटकी, दुसऱ्याला गोंडी येत नाही.

तुकडा घोंगडीच्या फडक्यात गुंडाळून अयूबनं मांडीवर घेतला. परतीच्या गाडीत गर्दी होती आणि रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला अयूब तो दोन्ही हातांनी वर उचलून धरायचा. आष्टीच्या अलीकडं फडक्यातून माती सांडू लागली. त्यानं फडकं घट्ट आवळलं. आवळल्यानं आत पडलेली चीर वाढली. मग त्यानं सैल धरलं, तर कमच्या निसटू लागल्या. गोंडपिपरीला गाडी थांबली तेव्हा त्यानं फडकं उघडून पाहिलं. मातीची ढेकळं झाली होती आणि प्रत्येक ढेकळावर कागदाचा तुकडा होता. काही कागद पिठासारखा झाला होता.

"ठीक हाय ना?" देवरावनं विचारलं.

अयूबला खोटं बोलता आलं असतं. देवरावला कळलंही नसतं. "तुटला देवरावभाऊ," तो म्हणाला. "पुरा तुटला."

देवरावनं हात पुढं करून फडक्यातली माती चाचपली. "त्याची भीत बी गेली," एवढंच तो म्हणाला.

त्या पावसाळ्यात अयूबनं आलापल्लीच्या गाडीवरच्या कंडक्टरजवळ कोलूसाठी प्लास्टिकचा कागद पाठवला. तो पोचला की नाही, समजलं नाही.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत देवरावला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. रविवार चालू होते. आता ते देवरावच्या घरी बसायचे. कमळाबाई नवीन छाप हातात घेऊन त्याला वर्णन करून सांगायच्या. त्यांना शाळेत शिकवायची सवय, त्या छान सांगायच्या. लाल रंग, पण विटेसारखा नाही, पळसाच्या फुलासारखा. देवराव लक्ष देऊन ऐकायचा, मान हलवायचा. एका रविवारी त्यानं त्यांना मधेच थांबवलं.

"बाई, तुम्ही सांगता ते मले पुरं समजते," तो म्हणाला. "पण हे आपल्याजवळ पाह्यजे, असं वाटतच नाई आता. वाटल्याबिगर बदली कशी करू?"

कमळाबाईंनी अयूबकडं पाहिलं. तो हातातला छाप वर्तमानपत्रात ठेवून घडी घालत राहिला.

त्याच आठवड्यात रुखमा दुकानावर आली आणि देवरावचे सगळे छाप अयूबच्या काउंटरवर ठेवून गेली. परत न्यायला सांगितलं तर ती म्हणाली की त्यांनीच पाठवले. उन्हाळ्यात कमळाबाईंची बदली वर्ध्याच्या पलीकडं झाली आणि त्यांचं येणं थांबलं. अयूबजवळ आता बहुतेक प्रत्येक छाप डबल होता. मोर दोन, वाघ दोन, हरीण दोन. बदली करायला समोर माणूस नव्हता.

रविवारी तो देवरावकडं जात राहिला. माचिसचा विषय कोणी काढत नसे. देवराव भिंतीला टेकून बसायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. एकदा रुखमा चहाचे कप घेऊन आली आणि हळूच अयूबला म्हणाली, "भाऊ, काईतरी बोला ना त्यायच्याशी. पह्यले तुम्ही दोघं दिवस दिवस बोलत होते."

अयूबनं कप हातात घेतला आणि काय बोलावं हे शोधू लागला. चहा निवला तरी त्याला काही सापडलं नाही.